तेलाआधी रिकामा सेल मोजा: कमी वाहक द्रवांचा इम्पीडन्सने अभ्यास

मी पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरचं तेल एलसीआर मीटरला (कपॅसिटन्स, रोध वगैरे मोजणाऱ्या उपकरणाला) जोडलं, तेव्हा मीटरने फेज कोन, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या लहरींमधला कोन, उणे ९०.०३ अंश दाखवला. आदर्श कपॅसिटरचा कोन बरोबर उणे ९० असतो. त्याच्याही पलीकडे गेला म्हणजे तेल ऊर्जा खात नाही, उलट देतंय, असा अर्थ होतो. तेल अर्थातच चांगलं होतं. बीकरमध्ये दोन पट्ट्या उभ्या केलेल्या, त्यांना क्रोकोडाइल क्लिपा, पुढे मोकळ्या वायरी, आणि वायरींचं ओपन करेक्शन (टोकं मोकळी ठेवून मोजायची आणि नंतर वजा करायची दुरुस्ती) घेतल्यावर मी त्याच वायरी हलवलेल्या. मीटर या सगळ्या पसाऱ्याची मोजणी प्रामाणिकपणे देत होता. तेलाचा वाटा त्यात इतका लहान होता की वायरींच्या चुकीखाली तो पुरता झाकला गेला.

नंतरची कित्येक वर्षं मी हेच काम करत आले आणि शिकवतही आले. नव्याने शिकायला येणाऱ्याला मी पहिले दोन दिवस तेलाला हात लावू देत नाही. त्या दोन दिवसांत फक्त रिकामा सेल, म्हणजे ज्याच्या दोन धातूच्या चकत्यांमध्ये तेल भरून मोजायचं ते भांडं, मोजायचा. तेलासारख्या द्रवात शोधायची गोष्ट फार बारीक असते, म्हणून तिच्या आजूबाजूचं सगळं आधी ओळखून बाजूला काढावं लागतं, आणि ते ओळखायचं साधन म्हणजे हवेने भरलेला तुमचाच सेल. पुढे मी जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं फिरून याच मुद्द्यावर येईल.

आधी कागदावर हिशेब

दोन धातूच्या चकत्यांमध्ये तेल भरलं की विजेच्या दृष्टीने तो एक कपॅसिटर आणि त्याला समांतर जोडलेला एक रेझिस्टर होतो. रेणू विद्युतक्षेत्रात किती वळतात, ताणले जातात, हे कपॅसिटर सांगतो. मोकळे आयन किती आहेत आणि ते किती सहज सरकतात, हे रेझिस्टर सांगतो. इम्पीडन्समध्ये, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्यात, दोन्ही एकदम मिळतात, कारण त्यात आकारमानही असतं आणि फेजही. ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये हा शब्द वापरात आणला.

आकड्यांची सवय करून घ्या. खनिज तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (रिकाम्या सेलच्या तुलनेत कपॅसिटन्स किती पट होतो तो आकडा) २.२ च्या आसपास असतो, सिलिकोन तेलाचा २.७, बहुतेक वनस्पती तेलांचा ३ ला लागून, एरंडेलाचा साडेचारच्या जवळ. पाण्याचा २० अंश सेल्सिअसला ८०. या बाबतीत तेलं एकमेकांच्या बरीच जवळ आहेत. वाहकतेचं तसं नाही. स्वच्छ, कोरडं ट्रान्सफॉर्मर तेल सामान्य तापमानाला १ पिकोसीमेन्स प्रतिमीटर (सीमेन्स हे वाहकतेचं एकक, पिको म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग) किंवा त्याहून कमी वाहक असू शकतं आणि तेच तेल जुनं झालं की शेकड्यांत जातं. विमानाच्या इंधनात स्थिर विद्युत टाळण्यासाठी मुद्दाम पूरक घालतात, तेव्हा ५० ते ६०० पिकोसीमेन्स प्रतिमीटर इतकी वाहकता अपेक्षित असते. आणि ज्याला आपण वीज न वाहणारं म्हणतो त्या अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांना ५५ लाख पिकोसीमेन्स प्रतिमीटर असते. यावरून तेल किती शांत आहे ते कळेल.

ही शांतता कुठून येते? दोन विरुद्ध आयनांमधलं आकर्षण त्यांच्या उष्णताजन्य धडपडीइतकं होतं ते अंतर पाण्यात ०.७ नॅनोमीटर असतं. स्थिरांक २.२ असलेल्या तेलात ते सुमारे २५ नॅनोमीटर होतं. म्हणजे आयन पंचवीस नॅनोमीटरच्या आत आले की एकमेकांना धरून बसतात आणि अशी जोडी वीज वाहत नाही. तेलात आयन मोकळा राहायचा असेल तर त्याच्याभोवती मोठा पिंजरा लागतो. साबणासारखे रेणू तेलात तसे पिंजरे बांधतात, त्यांना उलटे मायसेल म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, सेल धुताना लागणार आहे.

आता सेल. माझ्या सेलमध्ये मोजणीची चकती ४० मिलिमीटर व्यासाची आहे, तिच्याभोवती अर्ध्या मिलिमीटरची फट सोडून गार्ड रिंग (धातूचं कडं, त्याचं काम पुढे येईल), आणि समोरच्या चकतीपासूनचं अंतर १ मिलिमीटर. फटीचा अर्धा भाग चकतीच्या वाट्याला येतो, म्हणून परिणामी व्यास ४०.५ मिलिमीटर धरायचा. निर्वात जागेचा स्थिरांक ८.८५४ पिकोफॅरड प्रतिमीटर, त्याला क्षेत्रफळाने गुणून अंतराने भागलं की ११.४ पिकोफॅरड येतात. मी एकदा नीट मोजला तेव्हा ११.५२ आले. म्हणजे चकत्यांमधलं खरं अंतर ०.९९ मिलिमीटर होतं. पुढच्या सगळ्या हिशेबात मी मोजलेलाच आकडा वापरते, पट्टीने काढलेला नाही.

हिशेब पिकोमध्येच ठेवा, दशांश चुकत नाहीत. वाहकता म्हणजे मोजलेला कंडक्टन्स (रोधाचा व्यस्त) पिकोसीमेन्समध्ये, गुणिले ८.८५४, भागिले रिकाम्या सेलचे पिकोफॅरड. माझ्या सेलसाठी हा गुणक ०.७६९ होतो. १ पिकोसीमेन्स प्रतिमीटरचं खनिज तेल भरलं तर कंडक्टन्स १.३ पिकोसीमेन्स, म्हणजे रोध ७६९ गिगाओहम, आणि कपॅसिटन्स २५.३ पिकोफॅरड.

कपॅसिटर आणि रेझिस्टर यांचे प्रवाह कुठल्या वारंवारतेला बरोबरीला येतात ते काढा, तिला मी वळणाची वारंवारता म्हणते. वाहकतेला ८.८५४, डायइलेक्ट्रिक स्थिरांक आणि दोन पाय यांच्या गुणाकाराने भागायचं. २.२ स्थिरांकाच्या तेलासाठी नियम सोपा आहे: पिकोसीमेन्स प्रतिमीटरमधली वाहकता भागिले १२२, उत्तर हर्ट्झमध्ये. १ पिकोसीमेन्स प्रतिमीटरचं तेल असेल तर ८ मिलिहर्ट्झ. एका आवर्तनाला दोन मिनिटं. सेलचा आकार काहीही असो, ही वारंवारता बदलत नाही, कारण ती निव्वळ द्रवाची आहे.

५० हर्ट्झवर का अडकतं, ते इथे दिसतं. मीटरच्या फेजमध्ये ०.०२ अंशाची चूक असेल तर भरलेल्या सेलवर ५० हर्ट्झला ती २.८ पिकोसीमेन्सचा खोटा कंडक्टन्स दाखवते. तेलाचा खरा आहे १.३. मीटरची चूक तेलाच्या दुप्पट. तीच ०.०२ अंशाची चूक १० मिलिहर्ट्झला ०.०००६ पिकोसीमेन्सपेक्षाही कमी होते. म्हणून कमी वाहक द्रवाची वाहकता शोधायची तर वारंवारता खाली न्यायची. वरच्या बाजूला फक्त डायइलेक्ट्रिक स्थिरांक नीट मिळतो.

सेल आणि जोडणी

बीकरमध्ये दोन पट्ट्या उभ्या करू नका. कडांवरून क्षेत्ररेषा बाहेर फुगतात, अंतर ठरत नाही, आणि तेलाची पातळी बदलली की आकडा बदलतो. गार्ड रिंगची कल्पना लॉर्ड केल्विनच्या इलेक्ट्रोमीटरइतकी जुनी आहे आणि आजही तिला पर्याय नाही. रिंग मधल्या चकतीच्याच व्होल्टेजला ठेवली की चकतीच्या कडेपर्यंत क्षेत्र सरळ राहतं, फुगवटा रिंगच्या वाट्याला जातो आणि तो मोजणीत धरलाच जात नाही.

स्पेसर, म्हणजे चकत्यांमधलं अंतर राखणारे तुकडे, कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. टेफ्लॉनचे तीन तुकडे मोजणीच्या चकतीखाली ठेवले तर त्यांच्या पृष्ठभागावरून झिरपणारा प्रवाह तेलाच्या प्रवाहात मिसळतो. तेच गार्ड रिंगखाली ठेवले तर झिरपणारं सगळं गार्डमधून परत जातं. तेवढ्याच श्रमात सेल दहापट चांगला होतो. टेफ्लॉन मऊ असतं, स्क्रू जास्त आवळला की हळूहळू दबतं आणि अंतर बदलतं. पुन्हा पुन्हा गरम करायचं असेल तर क्वार्ट्झ किंवा सिरॅमिक घ्या. चकत्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. तांबं आणि पितळ तेलाच्या ऑक्सिडेशनला हातभार लावतात, आणि तेव्हा तुम्ही मोजत असतानाच तेल बदलत असतं.

जोडणी तीन टोकांची. बाहेरची चकती मीटरच्या 'हाय' बाजूला, गार्डच्या आतली चकती 'लो' बाजूला, आणि गार्ड रिंग, पेटीचं पत्र्याचं आवरण व कोअॅक्सिअल केबलची जाळी हे तिन्ही मीटरच्या गार्डला. साधी ५० ओहमची कोअॅक्सिअल केबल दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड बाळगते, तुमचा सेल मात्र २५ चा. तरीही ती मोजणीत दिसत नाही. 'लो' टोक मीटरच्या आत आभासी शून्यावर धरलेलं असतं, म्हणून त्या बाजूच्या केबलवर व्होल्टेज पडतच नाही आणि व्होल्टेज नसेल तर प्रवाह नाही. 'हाय' बाजूची केबल फक्त स्रोतावर भार टाकते, मोजल्या जाणाऱ्या प्रवाहात येत नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की कुठली वायर महत्त्वाची आणि कुठली नाही हे आपोआप कळू लागतं. सगळी काळजी 'लो' बाजूची.

त्या बाजूची केबल टेबलाला चिकटपट्टीने बांधून टाका. केबल वाकली की आतलं प्लॅस्टिक आणि जाळी एकमेकांवर घासून आवेश तयार होतो, आणि पिकोअॅम्पिअरच्या मोजणीत तो मोठा धक्का असतो. १ व्होल्टला १० मिलिहर्ट्झवर तुमच्या भरलेल्या सेलमधून कपॅसिटरच्या वाट्याचे फक्त १.६ पिकोअॅम्पिअर जाणार आहेत. शेजारून कोणी चाललं तरी आलेखात उडी दिसते. आमच्याकडे रात्री मोजणी लावायची प्रथा त्यामुळेच पडली.

नेहमीचा एलसीआर मीटर २० हर्ट्झच्या खाली जात नाही. तुमचं तेल ५,००० पिकोसीमेन्स प्रतिमीटरच्या वर असेल तर त्यावरही काम होतं, कारण वळण ४० हर्ट्झच्या वर येतं. त्याखालच्या तेलांसाठी एकतर कमी वारंवारतेचा डायइलेक्ट्रिक अॅनलायझर हवा, नाहीतर स्वतः जुळणी करा: साइन लहरीचा जनरेटर, फेमटोअॅम्पिअर बायस असलेला ऑपअॅम्प (स्वतः जवळजवळ प्रवाह न घेणारा अॅम्प्लिफायर), त्याच्या फीडबॅकला १० गिगाओहम, आणि दोन्ही लहरी नोंदवणारं कार्ड. वरच्या १.६ पिकोअॅम्पिअरचे त्यावर १६ मिलिव्होल्ट होतात, ते सहज मोजता येतात. त्या मोठ्या रेझिस्टरच्या अंगचा पिकोफॅरडभर कपॅसिटन्स १६ हर्ट्झच्या आसपास फेज बिघडवायला लागतो, म्हणून ही जुळणी त्याच्या बऱ्याच खालीच वापरा.

स्वच्छता

एकदा माझ्याकडच्या एका विद्यार्थिनीच्या तेलाची वाहकता सलग तीन दिवस अपेक्षेच्या दहापट आली. बाटली नवी, तापमान तेच, सेल लखलखीत. सेल लखलखीत होता कारण तिने तो भांडी धुण्याच्या द्रवसाबणाने मन लावून घासला होता आणि नळाच्या पाण्याखाली धरला होता. साबणाचा अदृश्य थर पुरेसा झाला. वर सांगितलेले उलटे मायसेल नेमके त्यातूनच बनतात. तिची मेहनत खरी होती, नियम मी सांगितला नव्हता. तेव्हापासून तो कपाटाच्या दारावर लावलेला आहे: या सेलला साबण नाही.

आमचा क्रम असा. आधी हेक्सेनने तेल काढायचं, दोनदा, दुसऱ्यांदा ताज्या हेक्सेनने. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण हेक्सेनला न विरघळणारे ध्रुवीय कण ते नेतं. मग पुन्हा हेक्सेन. मग ८० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर, पण द्रव पूर्ण उडून गेल्यावरच, फ्यूम हूडमध्ये वाफ जाऊ देऊन. हेक्सेन स्वतः जवळजवळ वीज वाहत नाही, त्यामुळे जोरात ओतलं तर त्यात आवेश साठतो, आणि त्याची वाफ पेटते. म्हणून हळू ओता, धातूचं भांडं अर्थ केलेलं ठेवा. हातमोजे नायट्राइलचे, आणि चकतीला बोट लागू देऊ नका. बोटाच्या एका ठशात क्षार आणि चरबी दोन्ही असतात.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेलं तेल असेल तर त्यात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल आहे का याची तपासणी आधी करून घ्या. ते विषारी आहे, आणि सेल धुतलेलं हेक्सेनही मग तसंच विषारी धरून वेगळं ठेवावं लागतं.

रिकामा सेल

आता ते दोन दिवस. स्वच्छ, कोरडा सेल जोडा, झाकण लावा आणि तेल भरल्यावर जी मोजणी करणार आहात तीच, त्याच व्होल्टेजला, त्याच वारंवारतांना करा. १० किलोहर्ट्झपासून १० मिलिहर्ट्झपर्यंत, प्रत्येक दशकात पाच बिंदू.

हवा आदर्श आहे. तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक १.०००६, तोटा जवळजवळ शून्य. त्यामुळे कपॅसिटन्स सगळ्या वारंवारतांना एकच यायला हवा, माझ्या सेलमध्ये ११.५२, आणि कंडक्टन्स शून्य. जे काही वेगळं दिसेल ते उपकरणाचं, केबलचं किंवा सेलचं आहे. वरच्या वारंवारतेला कोनात चूक दिसली तर ती मीटरची फेज चूक, तशीच नोंदवून ठेवा आणि तेलाच्या मोजणीतून वजा करा. शेरिंग ब्रिज नावाचं तोटा मोजायचं मंडल १९२० पासून हेच करत आलं आहे: नमुन्याची तुलना जवळजवळ तोटा नसलेल्या कपॅसिटरशी. तुमच्याकडे तो कपॅसिटर आयता सेलच्या रूपात आहे. घरची जुळणी असेल तर आणखी एक फायदा. १ व्होल्टला १० मिलिहर्ट्झवर रिकाम्या सेलमधून ०.७२ पिकोअॅम्पिअर, प्रवाह व्होल्टेजच्या बरोबर ९० अंश पुढे, हे हिशेबाने ठरलेलं आहे. त्यावरून ऑपअॅम्पची जुळणी कॅलिब्रेट होते, वेगळा मानक लागत नाही.

खालच्या वारंवारतेला कंडक्टन्स शून्याऐवजी काहीतरी ठाम दिसला तर ती झिरप आहे. बहुधा टेफ्लॉनवर ओल किंवा धुण्यातून राहिलेला थर. दमट दिवसांत मी पेटीत सिलिका जेलची पिशवी ठेवते आणि रात्रभर थांबते. माझी मर्यादा ठरलेली आहे: रिकाम्या सेलचा कंडक्टन्स १० मिलिहर्ट्झला ०.०५ पिकोसीमेन्सच्या वर असेल तर तेल भरायचं नाही. पुन्हा धुवायचा.

शेवटी एक ओळखीचा द्रव भरून पाहा. सायक्लोहेक्सेनचा स्थिरांक २० अंशांना २.०२, टोल्युइनचा २५ अंशांना २.३८. १ किलोहर्ट्झवरचा कपॅसिटन्स भागिले रिकामा कपॅसिटन्स, इतकंच. दोन टक्क्यांच्या आत आला नाही तर स्पेसर किंवा बुडबुडे तपासा.

तेल भरताना

तेल आधी बारीक फिल्टरमधून काढा, निर्वातात थोडा वेळ ठेवून विरघळलेली हवा आणि ओल कमी करा. मात्र तेलातली ओल हाच तुमचा विषय असेल तर हे करू नका. भरताना तेल कडेवरून हळू सोडा. ओततानाच तेलात आवेश बनतो, तो निवायला वेळ लागतो. १ पिकोसीमेन्स प्रतिमीटरच्या खनिज तेलाचा कालस्थिरांक १९.५ सेकंद आहे, त्यामुळे आवेश काही मिनिटांत जातो, पण तापमान स्थिर व्हायला जास्त वेळ लागतो. मी अर्धा तास थांबते, एरंडेलासारख्या घट्ट तेलाला तासभर, कारण त्यातले बुडबुडे वर यायलाच उशीर लागतो.

तापमान नोंदवल्याशिवाय वाहकतेचा आकडा अर्थहीन आहे. डायइलेक्ट्रिक स्थिरांक तापमानाने किंचित खाली जातो, वाहकता मात्र भराभर चढते, कारण तेल पातळ होतं आणि आयन मोकळे सरकतात. ट्रान्सफॉर्मर तेलाचा टॅन डेल्टा (तोट्याचा प्रवाह भागिले कपॅसिटरचा प्रवाह) ९० अंशांना मोजण्याची रीत आहे ती याचमुळे: त्या तापमानाला वाहकता इतकी वाढलेली असते की ५० हर्ट्झवरही ती दिसते. थर्मोस्टॅट दशांश अंशापर्यंत स्थिर हवा आणि तापमापक तेलात हवा. ओव्हनच्या काट्यावर विसंबू नका.

मोजणी आणि आलेख वाचणं

वरून खाली मोजत जा. खालच्या बिंदूंना वेळ लागतो, १ मिलिहर्ट्झचं एक आवर्तनच पावणेसतरा मिनिटांचं. खाली पोचल्यावर वर परत येऊन १ किलोहर्ट्झ आणि १ हर्ट्झ पुन्हा मोजा. दोन्ही आकडे पहिल्यासारखेच आले तर मधल्या काळात तेल बदललेलं नाही.

बॅटरीवाल्यांच्या सवयीने लोक लगेच इम्पीडन्सचा अर्धवर्तुळाचा आलेख काढतात. तेलात त्या आलेखाचा बहुतेक वेळा डावा तुकडाच दिसतो आणि सगळे वरचे बिंदू एका ठिपक्यात गोळा होतात. मी कपॅसिटन्सचे दोन भाग काढते: पहिला नेहमीचा, दुसरा तोट्याचा, म्हणजे कंडक्टन्स भागिले कोनीय वारंवारता. दोन्ही अक्ष लॉगचे. निरोगी तेलात पहिला भाग आडवी रेघ. दुसरा भाग वारंवारता दहापट कमी झाली की दहापट चढतो, उतार अगदी उणे एक. दोन्ही रेघा जिथे छेदतात तीच वर काढलेली वळणाची वारंवारता. हे चित्र मिळालं की डायइलेक्ट्रिक स्थिरांक आडव्या रेघेवरून घ्या, वाहकता तिरक्या रेघेवरून, काम झालं.

खरी गंमत चित्र बिघडतं तिथे आहे.

खूप खालच्या वारंवारतेला पहिला भागही वर चढायला लागला, तर आयन इलेक्ट्रोडपाशी साचत आहेत. तेलात हा थर जाड असतो. १ पिकोसीमेन्स प्रतिमीटरच्या घट्टसर खनिज तेलात तो १०-१५ मायक्रोमीटरचा होऊ शकतो. पाण्याच्या सवयीने पाहिलं तर हा आकडा प्रचंड वाटतो. हा तेलाच्या आतला गुण नाही, सीमेचा आहे. खात्री करायची असेल तर २ मिलिमीटरचे स्पेसर लावून पुन्हा मोजा. तेलाच्या आतलं जे आहे त्याचा कपॅसिटन्स निम्मा होतो, इलेक्ट्रोडवरच्या थराचा होत नाही. दोन मोजण्यांचा हा खर्च मी कधीही वाचवत नाही. अवघड प्रश्नांची निम्मी उत्तरं स्पेसर बदलल्यावरच मिळाली आहेत.

दुसऱ्या भागाचा उतार उणे एकपेक्षा कमी असला, किंवा मधेच एक उंचवटा दिसला, तर तेल एकजिनसी नसण्याची शक्यता बघा. पाण्याचे सूक्ष्म थेंब, काजळी, गाळ, यांच्या सीमेवर आवेश साचून असा उंचवटा येतो. फिल्टर करून पुन्हा मोजलं आणि उंचवटा गेला तर कारण सापडलं. ध्रुवीय रेणूंचा स्वतःचा उंचवटाही असतो, पण सामान्य तापमानाच्या पातळ तेलात तो मेगाहर्ट्झच्याही बराच वर असतो, आपल्या पट्ट्यात येत नाही. कोल बंधूंनी १९४१ मध्ये दिलेलं सूत्र पसरट उंचवट्यांना छान बसतं. इथेच माझी विनंती आहे: सूत्रात जितके घटक जास्त तितका आलेख सुंदर जुळतो, पण जुळण्याने ते खरं ठरत नाही. प्रत्येक घटकासाठी एक प्रयोग दाखवता आला पाहिजे, जो त्याच घटकाला हलवतो आणि बाकीच्यांना नाही.

व्होल्टेज निम्मं करून पाहणं तर रोजचंच. आकडे तेच राहिले पाहिजेत. राहिले नाहीत तर आयन एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत झाडून नेले जात असावेत. खनिज तेलात आयनाची गतिशीलता साधारण १ चौरस मिलिमीटर प्रति १,००० व्होल्ट-सेकंद धरली तर १ मिलिमीटर अंतर १ व्होल्टला कापायला १,००० सेकंद लागतात, १० व्होल्टला १००. १० व्होल्टवर ५ मिलिहर्ट्झचं अर्धं आवर्तन १०० सेकंदांचं आहे. म्हणजे अर्ध्या आवर्तनात आयन पलीकडे पोचतात, मधलं तेल रिकामं होतं आणि वाहकता कमी दिसते. प्रवाह वाढवायला व्होल्टेज वाढवायचा मोह होतो, तेव्हा हा हिशेब आधी करा.

यातून काय शिकता येतं

तुमच्याकडे तेल एकच असलं तरी तापमान बदलून खूप काही कळतं. वाहकता आणि विष्यंदिता (तेलाचा घट्टपणा) दोन्ही मोजा आणि गुणाकार करा. पॉल वाल्डनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवलं की हा गुणाकार साधारण स्थिर राहतो. तुमच्या तेलात राहिला, तर वाहकता वाढली ती फक्त तेल पातळ झाल्यामुळे. गुणाकार वाढत गेला, तर तापमानाने नवे आयन सुटत आहेत. एका थर्मोस्टॅटमध्ये आणि एका व्हिस्कोमीटरमध्ये आयनांची संख्या आणि गती वेगळी करता येते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

शिकणाऱ्यांना मी सुरुवातीला एओटी नावाचा सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) देते आणि खनिज तेलात वेगवेगळ्या प्रमाणात घालून मोजायला सांगते. ठरावीक मर्यादेच्या वर वाहकता प्रमाणाच्या सरळ पटीत वाढत जाते, कारण मायसेल्सच्या एकूण संख्येपैकी एक छोटा, ठरलेला अंश भारित असतो. डायइलेक्ट्रिक स्थिरांक मात्र जागचा हलत नाही. दोन्ही रेघा एका कागदावर काढल्या की कपॅसिटर आणि रेझिस्टर हे तेलाचे दोन वेगळे जबाब आहेत, हे डोळ्यांनी दिसतं.

जुनं होणाऱ्या तेलात क्रम उलटा वापरा: दर काही दिवसांनी त्याच ९० अंशांना ठेवलेल्या तेलाचा नमुना, थंड करून, ठरलेल्या एकाच तापमानाला मोजायचा. वाहकता आधी हलते, स्थिरांक बऱ्याच उशिरा आणि थोडासाच. फक्त वाहकता चढली तर आम्ल, क्षार किंवा साबणजन्य अशुद्धी पाहा. स्थिरांकही सरकला तर ऑक्सिडेशनने ध्रुवीय रेणू मोठ्या प्रमाणात बनले आहेत किंवा पाणी शिरलं आहे.

वहीत प्रत्येक मोजणीपाशी मी हे लिहिते: तेलाची बाटली आणि उघडल्याची तारीख, तापमान, व्होल्टेज, स्पेसर, भरल्यापासून किती वेळ झाला, आणि त्या दिवशीच्या रिकाम्या सेलचे दोन आकडे, कपॅसिटन्स आणि १० मिलिहर्ट्झवरचा कंडक्टन्स. मोजणी संपल्यावर सेल धुऊन, वाळवून तो पुन्हा रिकामा मोजते. ११.५२ परत आला आणि कंडक्टन्स ०.०५ च्या खाली राहिला, तरच त्या दिवसाची तेलाची पानं मी शाईने पक्की करते. नाहीतर ती पेन्सिलीतच राहतात आणि दुसऱ्या दिवशी तेच तेल पुन्हा भरलं जातं.